दहाचा पाना

कायद्याच्या पुस्तकात बोटांचा तक्ता आहे.
अंगठा तीस टक्के.
तर्जनी, मुळापासून, चौदा.
टोकाचं पेर तेवढं गेलं तर नऊ.
म्हाळू गावडेची मुळापासून गेली
कुंडईच्या शेडमध्ये, झाकणं कापणाऱ्या प्रेसखाली,
मंगळवारी, दुसऱ्या पाळीत, चहा यायच्या आधी.

पगाराचे साठ टक्के, गुणिले वयाचा आकडा,
त्याचे चौदा टक्के.
वकीलबाई ब्रागांझांनी हे गणित
लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे पेन्सिलीनं मांडलं.
म्हणाल्या, ठेकेदाराचा माणूस, ईएसआयचं कार्ड नाही,
आयुक्तांकडेच जावं लागेल.
मग चष्मा काढून:
प्रेसची जाळी कोणी काढली होती?

कंपनीचं म्हणणं लेखी होतं.
कामगारानं स्वतः, जाणूनबुजून, सुरक्षा जाळी काढली.
तसं ठरलं तर चौदाचं शून्य होतं.
तेही पुस्तकातच आहे.

जाळीला चार बोल्ट. दहाचा पाना लागतो.
आमच्या शेडमध्ये दहाचा पाना एकच,
माझ्या मागच्या खिशात, निळ्या सुतळीनं बांधलेला.
केंकरे साहेब म्हणाले होते,
जाळी असली की तासाला चारशे,
नसली की सहाशे.
तू शहाणा आहेस.
एवढंच. लेखी काही नाही.
आणि मी शहाणा होतो.

पणजीला, पाटोवर, साक्षीला उभा राहिलो.
पंखा होता, फिरत नव्हता.
म्हाळू बाकावर, उजवा हात पिशवीत घालून,
दुसऱ्याची वस्तू सांभाळत बसावं तसा.
जाळी कोणी काढली?
मी म्हणालो, मी पाहिलं नाही.
तसं अगदीच खोटं नव्हतं.
काढताना मी बोल्टकडे पाहत होतो.
टायपिस्टनं ते इंग्रजीत घेतलं, आणि पुढचा नंबर पुकारला.

निकाल आलाच नाही. सात तारखांनंतर तडजोड आली.
चौदाचे पाच पडले असतील, साडेपाच.
म्हाळूनं डाव्या हातानं सही केली
आणि ठसा उजव्या अंगठ्याचा दिला.
तीस टक्क्यांचा. शाबूत.
त्या पैशात विहिरीवर पंप बसला.

आता तो रात्री मानशीवर गरवायला बसतो.
भरती चढली की मानशीची दारं आपोआप मिटतात,
ओहोटीला उघडतात,
कोणाची साक्ष लागत नाही.
गळाची गाठ त्याला जमत नाही, म्हणून मला हाक मारतो.
मी मारून दिलेली गाठ दातात धरून ओढतो,
म्हणतो, घट आसा.
एकदा शिसं पाण्यात पडलं, तर म्हणाला,
खिशात लोखंड असेल तुझ्या, तेच बांध.
मी म्हणालो, पाना घरी राहिला.
पाना असं तो म्हणालाच नव्हता.

पूर्वी दोर त्याच्या तर्जनीवरून सुटायचा.
शेवटा की तांबोसा की खरचाणी,
नुसत्या ओढीवरून नाव सांगायचा, अंधारात.
अजूनही दोर तिथूनच सोडतो,
दोन बोटांमधल्या त्या फटीतून,
आणि फट पाण्याकडे धरून बसतो.

काल म्हणाला, लागला रे, वोड.
दोर ढिला होता. पाणी हललं नव्हतं.
मी म्हणालो, काही नाही, म्हाळू.
चोणक, म्हणाला. व्हडलो. बोटाक कळटा म्हाका.
मी ओढला.
गळ वर आला, सरळ झालेला, आमिष गेलेलं,
माझी गाठ मात्र तशीच.

पळयलें? त्यानं विचारलं.
टॉर्चचा उजेड गळावर नव्हता,
माझ्या हातांवर होता.
पळयलें, मी म्हणालो.

मग त्यानं डबीतून दुसरा गळ काढला
आणि माझ्यापुढे धरला.